जा म्हणणारं माणूस

आईच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, हे ठकीने डॉक्टरांच्याही आधी पाहिलं होतं. दवाखान्यात हृदयाची इको तपासणी करणं हे तिचं रोजचं काम, आणि आई दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायला तयार नव्हती. "घरची यंत्रवाली असताना परक्यापुढे कशाला पदर बाजूला करू?" म्हणाली. मग ठकीनेच तिच्या छातीवर गार जेल लावलं. पडद्यावर ती झडप वाऱ्याने हलणाऱ्या, कडी न लागलेल्या दारासारखी दिसत होती. पुढे जायचं रक्त मागे उसळत होतं. मापं घेणं ठकीचं काम, निदान सांगणं डॉक्टरांचं. तिने मापं घेतली आणि नोंदवून ठेवली.

"काय गं, दिसली का देवी आत?" आईने छताकडे बघत विचारलं.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली. तोवर जिने सावकाश चढायचे, वजन उचलायचं नाही, दम लागेल असं काही करायचं नाही. नाचायचं नाही, असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. साठी उलटलेल्या, दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसणाऱ्या बाईला ते कोण सांगणार? आणि उत्सव शस्त्रक्रियेच्या आधी येत होता.

उत्सवात आईच्या अंगात देवी यायची. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांचं देऊळ होतं; कापराच्या वासात खालच्या रबराचा वास मिसळलेला असे. बायका देवीभोवती फेर धरून नाचायच्या, ढोल चढत जायचा, आणि आई नवी नवरी होती तेव्हा एका वर्षी ती फेरातून बाहेर पडली ती देवी होऊनच. तेव्हापासून दर वर्षी तेच. एरवी ती पँटी आखूड करून द्यायची, फाटकी अस्तरं बदलायची. "मावशी, उद्यापर्यंत होईल ना?" म्हणून डोकं खाणारी माणसं त्या एका दिवशी "आई, आई" करत तिच्या पायावर लोळण घ्यायची. ठकीचे वडील वर्षभर "चहा" आणि "दिवा बंद कर" यापलीकडे बोलत नसत, पण त्या दिवशी तेही बायकोपुढे हात जोडून उभे असायचे.

वडिलांकडे काम एकच होतं. देवी आपण होऊन परत जात नाही. ती घरच्या माणसाला विचारते, "जाऊ?" त्याने म्हणायचं, "जा." असं तीनदा. तिसरा जा होईपर्यंत ढोल थांबवायचा नाही, नाहीतर ती अंगातच अडकते आणि अंग झिजवते, असं सगळे मानत. तेवढा एक शब्द म्हणताना वडिलांचा घसा दर वर्षी बसायचा. कारण घरातून निघणाऱ्याला जा म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. नाक्यावर दोऱ्याचं रीळ आणायला निघालेली आईसुद्धा "येते" म्हणायची, आणि आतून "ये" असा आवाज आल्याशिवाय तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे.

वडील गेल्यावर घरात ठकीच उरली. म्हणजे आता जा म्हणणारं माणूस तीच.

उत्सवाच्या सकाळी तिने आईला गाठलं. "या वर्षी नुसतं बसायचं. खुर्चीवर."

"बसते की. मला काय हौस आहे नाचायची?"

"आणि ती आली तर?"

"सांगते तिला, माझ्या लेकीने नको म्हटलंय, पुढच्या वर्षी ये."

"थट्टा नको करूस, आई."

"अगं, ती काय विचारून येते? तू आलीस तेव्हा तरी कुठे विचारलं होतंस?" आईने दाताने दोरा तोडला आणि बोलणंही तिथेच तोडलं.

मग ठकी मामाकडे गेली. मामा म्हणजे आईचा चुलत भाऊ, शाळेची बस चालवायचा आणि देवळात ढोल वाजवायचा. तो ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला होता.

"मामा, आज ठेका चढवायचा नाही."

"बस चालवतो मी, ठके. ब्रेक कुठे दाबायचा, कळतं मला."

"मी हात वर केला की थांबशील?"

मामाने मान हलवली. "ते नाही जमायचं. तिला मध्येच अडकवू होय? तू असं कर, तिने जाऊ विचारलं की भराभर जा म्हणून टाक. बापासारखी घसा खाकरत बसू नकोस. तीनदा म्हटलंस की सुटली तुझी आई."

देवी खरंच येते का, याचं ठकीने कधीच काही ठरवलं नव्हतं. तिने पुष्कळ वाचलं होतं. माणसाचं मन भान कसं सोडतं, दबलेल्या बायका कुठल्या वाटेने बोलतात, सगळं पुस्तकांत होतं आणि पटण्यासारखंही होतं. पण त्या पुस्तकांतल्या कुणाच्याच आईची झडप गळत नव्हती.

दुपारी आई शब्दाला जागून खुर्चीवर बसली. फेर सुरू झाला. मामाने ठेका खरंच खाली ठेवला होता. ठकी आईच्या पायांकडे बघत होती. आधी डावी टाच उठली. मग गुडघा हलायला लागला, मग मान. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले, इतके की बोटांची पेरं पांढरी पडली. ती धडपडत होती, खरोखर बसून राहायला धडपडत होती. मग खुर्ची आडवी झाली आणि आई फेराच्या मधोमध घुमायला लागली. अंबाडा सुटला. बायकांनी "आई आली, आई आली" म्हणून गलका केला आणि ठेका आपोआप चढला.

आईचे ओठ निळसर झालेले ठकीला दिसले. गळ्याची शीर उडत होती. ठकी फेर मोडून आत घुसली. "आई, बस कर. पुरे आता."

"कोण गं तू?" आवाज जाड, छातीतून आलेला.

"ठकी."

"कोणाची?"

"तुझीच."

"सगळ्या माझ्याच आहेत," देवी हसली आणि वळली.

देवळाच्या अध्यक्षांच्या बायकोने ठकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. "मध्ये काय बोलतेस? आमचं विचारायचं राहिलंय अजून." आणि ती पुढे होऊन ओणवी झाली. "आई, माझं आणि सुनेचं कधी पटेल गं?"

"तू तोंड मिटलंस तर आजच पटेल."

सगळा हॉल हसला. ठकीलाही हसू फुटलं आणि लगेच रडू आलं, कारण ही जीभ आईची होती, शंभर टक्के आईची.

प्रश्न संपेपर्यंत आई घुमत राहिली. एकेक श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेवटी ती झुलत ठकीपुढे येऊन उभी राहिली.

"जाऊ?" देवीने विचारलं.

"जा!" ठकी जवळजवळ ओरडलीच.

एक गिरकी. "जाऊ?"

"जा."

मामाने शेवटच्या थापेसाठी हात उचलला. ठकीच्या जिभेवर तिसरा जा तयार होता. तेवढ्यात आई अगदी जवळ आली. कपाळावरचे केस तिने मनगटाने मागे सारले, शिवताना सारायची तसे. डोळे निवळले होते. आवाज बारीक, दमलेला, तपासणीच्या टेबलावरून उठू का विचारतानाचा.

"जाऊ, ठके?"

"थांब," ठकी म्हणाली.

कुणीतरी किंचाळलं, "थांबवलं! लेकीने देवीला थांबवून घेतलं!" फुलं उडाली. मामाने ठकीकडे पाहिलं, त्याचा वर गेलेला हात ढोलावर दुप्पट जोराने पडला. दुसरं काय करणार? देवी राहिली होती. "थांब!" ठकी ओरडली, आईला, मामाला, त्या सगळ्यांना. "थांब! अरे थांब!" आणि दर हाकेला ढोल वर चढत गेला. पुढे दुखवट्याला आलेली माणसंही तेच सांगायची. भाग्याची गं तू, आईने तुझा शब्द मोडला नाही.

आई पडली तेव्हा आवाज झाला नाही. साडी घडी मोडून खाली येते तशी ती खाली आली.

ठकीने तिच्या छातीवर हात रोवले आणि दाबायला लागली.

"हात नको लावूस, अजून ती आत आहे," अध्यक्षांची बायको म्हणाली. "आधी जा म्हण."

मामा वाजवतच होता. गालांवरून पाणी ओघळत होतं. "म्हण ना गं, पोरी," तो ठेक्यावरून ओरडला. "एकदा म्हण. मला थांबू दे."

ठकी दाबत राहिली. तिला तो शब्द येत होता. तिने तो नुकताच दोनदा म्हटला होता. हाताखाली आईचं अंग गरम आणि घामाने ओलं होतं, आणि तोंड आईचं होतं, फक्त आईचं. त्या तोंडाकडे बघून तिला तो शब्द म्हणता येईना. रुग्णवाहिकेची माणसं जिना चढून वर आली, तेव्हाही ढोल चालूच होता. त्यांनी तिचे हात बाजूला केले आणि ते स्वतः दाबायला लागले.

खाली रस्त्यावर, स्ट्रेचर आत सरकवताना, त्यातल्या एकाने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"मुलगी."

"हृदयाचा त्रास होता आधीपासून?"

"हो. झडप गळते." तिने आकडेसुद्धा सांगितले. ते तिला पाठ होते.

"आणि तरी नाचत होत्या? कुणी थांबवलं नाही?"

तो माणूस उत्तरासाठी थांबला नाही. "मागे जागा नाही," तो म्हणाला. "तुम्ही पुढे बसा."

ती ड्रायव्हरशेजारी बसली. मधल्या पत्र्याला खिडकी नव्हती. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि वरून येणाऱ्या ढोलात ऐकूही येत नव्हतं. समोर सिग्नल होता, रिकामा झेब्रा पट्टा होता, कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं.

"बेल्ट लावा," ड्रायव्हर म्हणाला.

तिने लावला.