बैल थांबवायची हाक

बाबा चौऱ्याण्णव वर्षं जगले, शेतातच. थांबवायची हाक त्यांच्याकडे एकच होती, "होऽऽ, होऽऽ!" बैलांना तीच, आम्हा भावंडांनाही तीच. बैल कधीमधी हट्टाला पेटायचे. मी मात्र, सत्तरीला टेकलेला निवृत्त साहेब, ती ऐकली की जागच्या जागी उभा.

त्यांच्या शोकसभेत मी बोलायला उठलो. सुरुवात त्यांच्या नांगरटीने केली आणि बघता बघता स्वतःच्या बढतीवर घसरलो. भाऊ खोकला, बहिणीने डोळे वटारले. मी कसला ऐकतोय! शेवटी कोपऱ्यातून आईच ओरडली, "होऽऽ, होऽऽ!"

मी अर्ध्या वाक्यात थांबलो. सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण मान वाकवून उभाच राहिलो. आता बाबा येऊन जू उतरवतील, असं माझ्या बैलबुद्धीला वाटत होतं.