ट्रॉलीचा जोड आणि तांब्याचं तोंड

मित्रांनो, मी एक जुना नोझल आहे. दुसरबीडच्या रस्त्याकडेला वामनरावांचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथल्या तारेच्या मशीनचं मी तांब्याचं तोंड. माझ्या पोटात एक टिप असते. तिच्या भोकातून तार येते, माझ्यातून गॅस येतो, आणि तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. माझं काम एवढंच. पण ते चुकलं तर जोड आतून पोकळ राहतो.

नवा होतो तेव्हा वामनराव मला रोज साफ करायचे. कौतुकाचे दिवस सरले. वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे साचले की ते मला लोखंडी टेबलाच्या काठावर आपटू लागले. मी चेपलो आणि टिपेचं भोक लांबट झालं. खंडेनवमीला त्यांनी नवा नोझल आणि नवी टिप आणली खरी, पण हळदकुंकू वाहून पूजेत मांडली. पूजेतली वस्तू दिवाळीपर्यंत हलवायची नाही, असा त्यांचा नेम. राबायला मीच उरलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची दांडी तुटून आली. सोयाबीन सोंगायला निघालेल्या बायका खोळंबल्या होत्या. त्यांत वामनरावांच्या पत्नी आशाबाईही होत्या, विळा हातात घेऊन. काम सुरू झालं आणि माझा जीव टांगणीला लागला. तोंड बुजलेलं, गॅस पोचत नव्हता. वरून जोड बरा दिसत होता, आत काय होतंय ते मलाच ठाऊक. पण सांगणार कसं? अर्ध्यावर तार टिपेला चिकटली आणि मशीन थांबलं.

वामनरावांनी मला पुन्हा आपटलं. नवा नोझल काढा, असं आशाबाई म्हणाल्या, तर त्यांनी पूजेचं कारण सांगितलं.

"देवाले का वेल्डिंग करा लागते?" आशाबाई शांतपणे म्हणाल्या. "मले त्याच ट्रॉलीत बसाचं हाय."

वामनरावांनी पूजेला हात जोडले. नवा नोझल आणि नवी टिप पुसून बसवली, उरलेला जोड पुरा केला आणि रंगाचा ब्रश उचलला. आशाबाईंचा एक पाय ट्रॉलीवर होता. मी भीतीनं गार पडलो. माझा अर्धा जोड तसाच होता की!

वामनरावांचं लक्ष माझ्याकडे गेलं. बुजलेल्या तोंडात त्यांनी बोट घातलं, ते शिरेना.

"उतर खाली," ते आशाबाईंना म्हणाले.

ग्राइंडर फिरला आणि माझ्या जोडाच्या पोटात धिरड्यासारखी जाळी निघाली. त्यांनी तो सगळा खरवडून काढला आणि नव्यानं भरला. मगच ट्रॉली निघाली.

मी भंगाराच्या डब्यात पडलो, तरी दिवसभर कान रस्त्याकडेच होते. संध्याकाळी ट्रॉली खडखडत परत आली. आशाबाई विळा कुठे ठेवू म्हणून विचारत होत्या. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मित्रांनो, आमची पूजा खुशाल करा, पण आधी आमचं तोंड साफ करा. झिजलो की वेळेवर बदला. आमच्या जोडावर घरचंच माणूस बसणार असतं.