खिडकीकडे तोंड

कपडे धुण्याच्या खोलीत सायकली बनतात, यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसायला दोन वर्षं लागली. तोवर त्यांची अशी समजूत होती की निवृत्त झाल्यापासून फिटरसाहेबांचं काहीतरी बिनसलंय आणि ते दार लावून आत भांडी वितळवतात.

फिटरसाहेब हे कारखान्यातलं नाव. तीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या नळ्या जोडल्या होत्या. गल्लीत मात्र त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत, कारण मोजल्याशिवाय ते पावसुद्धा कापत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी गॅसची टॉर्च, पितळेच्या कांड्या आणि पोलादी नळ्या आणल्या आणि सायकलच्या फ्रेम जोडायला सुरुवात केली. नळीला नळी घासून बसवायची, सांध्याला पांढरी पेस्ट फासायची, ज्योतीखाली सांधा नारिंगी झाला की पितळेची कांडी टेकवायची. पितळ वितळून फटीत शिरतं. ते शिरताना पाहिलं की मिलिमीटरना जे वाटायचं ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही, पण तिला ते जेवणाच्या टेबलावर बरोबर कळायचं. त्या दिवशी ते आमटीत मीठ कमी आहे म्हणत नसत.

सात फ्रेम झाल्या होत्या. आठवी ताईची होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई कामावर जायची, म्हणून सहा वर्षं तिनेच मिलिमीटरना सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडलं. पुढे ती गणिताची शिक्षिका झाली. चाळीस वर्षं शाळेत सायकलवरून गेली, बाजार सायकलवर केला, भांडणंसुद्धा सायकलवरून उतरून केली आणि पुन्हा सायकलवर बसून निघून गेली. मागच्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, गुडघ्याला चांगलीच आहे. दोन महिन्यांनी ताईने जुनी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली.

तेव्हापासून ती घरातच असायची. कोडी सोडवायची, खिडकी पुसायची, पुसलेली खिडकी पुन्हा पुसायची. मिलिमीटर रविवारी भेटायला गेले की ती म्हणायची, "छान चाललंय माझं." ताई छान चाललंय म्हणणाऱ्यातली नव्हती. तिचं नेहमी काहीतरी वाईट चाललेलं असायचं आणि त्याला कुणीतरी जबाबदार असायचं.

"मी तुला नवीन सायकल करून देतो," एकदा ते म्हणाले. "मधला दांडा नसलेली, खाली वाकवलेली. पाय फार उचलावा लागणार नाही."

ताईने खूप आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाली, "तीन महिन्यांनी सत्तरावा वाढदिवस येतोय, रविवारी. त्या दिवशी तुझ्या समाधानासाठी एकदा बसेन. एकदाच. त्यानंतर हा विषय बंद."

मिलिमीटर दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर झाले. पायांची लांबी, हातांची लांबी, खांदे, तळवा. एकूण चौदा मापं त्यांनी वहीत उतरवली. ताई भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "कपाळ राहिलं." त्यांनी तेही मोजलं.

अडीच महिने ते त्या फ्रेमवर डोळ्यांत तेल घालून खपले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिलिमीटरचा फ्रेम धरायचा साचा भिंतीवर असायचा आणि फ्रेमचं तोंड नेहमी खिडकीकडे असायचं. पहिल्या फ्रेमला उजेडासाठी तसं केलं होतं, आणि मग तीच रीत पडली. फ्रेमची उजवी बाजू, म्हणजे साखळीची बाजू, त्यामुळे कायम त्यांच्या समोर यायची. सात फ्रेम तशाच झाल्या. मग बायकोने मोठं वॉशिंग मशीन घेतलं. ते त्या भिंतीशिवाय कुठेच मावेना, म्हणून साचा समोरच्या भिंतीवर गेला. मिलिमीटरनी भोकं मिलिमीटरमध्ये मोजून पाडली, साचा पाणसळीत लावला आणि फ्रेमचं तोंड, अर्थातच, खिडकीकडे केलं.

गुरुवारी फ्रेम रंगवून परत आली. गडद हिरवी, सांध्यांवर सोनेरी रेघ. बायको हात पुसत दारात आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, ही खरंच सुंदर आहे." मिलिमीटरचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी फ्रेम अंगणात स्टँडवर लावली, पेडल लावायचा क्रँक बसवला आणि दात्यांची मोठी चकती फिरवली.

खर्र.

चकती मागच्या उजव्या नळीला घासत होती. तिथे चकतीला जागा मिळावी म्हणून त्यांनी नळी आतल्या आत चेपली होती. स्वतःच्या हातांनी, व्हाइसमध्ये धरून. त्यांनी वाकून पाहिलं. उजवी नळी गुळगुळीत होती. चेपलेली होती ती डावी. चाक काढताना साखळी अडकवायची छोटी खुंटीही डावीकडे.

ते एकदा कपडे धुण्याच्या खोलीत गेले, वॉशिंग मशीनकडे पाहिलं, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून मशीनवरच बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"समोर होती ती डावी बाजू होती," ते म्हणाले. "मी अडीच महिने डाव्या बाजूला उजवी समजत होतो."

बायकोला हसू आलं होतं. तिने ते गिळलं, कारण नवऱ्याचा चेहरा तसा होता. "मग ती दुसरी नळी चेपा की."

"आता चेपली तर मागचं सगळं वाकडं होईल. तापवली तर रंग जळेल. पुन्हा रंगवायला आठ दिवस. रविवार तीन दिवसांवर आलाय." ते थांबले. "ती एकदाच बसणार आहे. तोच एकदा मी घालवला."

"मग जाऊन सांगा तिला. इथे मशीनवर बसून चूक धुवून निघणार नाही."

ताई कोडं सोडवत होती. मिलिमीटरनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: खिडकी, भिंत, मशीन, चेपलेली नळी. सांगता सांगता त्यांचा आवाज चिरकला. चौसष्ट वर्षांच्या माणसाला याची लाज वाटायला हवी होती, पण ताईसमोर ते नेहमी सात वर्षांचेच असायचे.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे साखळी डावीकडे बसेल?"

"बसेल, पण साखळी डावीकडे कुणी लावत नाही, ताई."

"का?"

"सगळे डावीकडून चढतात. साखळी पलीकडे असते, म्हणून कपडे खराब होत नाहीत."

ताईने पँटचा उजवा पाय पोटरीपर्यंत वर केला. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, एका रेषेत चार-पाच पांढुरके वण होते. दात्यांचे.

"हे कधी झालं?"

"ऑपरेशननंतर. हा पाय उचलून पलीकडे टाकता येत नाही मला. उभं मात्र राहता येतं त्याच्यावर. म्हणून मी उजवीकडून चढायला लागले, डावा पाय पलीकडे टाकून. चढताना पँट चकतीत गेली. चौकात पडले, सगळ्यांसमोर. माझेच दोन जुने विद्यार्थी उचलायला आले." तिने पँट खाली केली. "त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू टेप घेऊन आला होतास. कपाळसुद्धा मोजलंस. कुठून चढतेस, हे कुठे विचारलंस?"

चौदा मापांची वही मिलिमीटरच्या खिशातच होती. ती त्यांना एकदम जड वाटली.

"जा आता," ताई म्हणाली. "डावीकडे लाव."

सोपं नव्हतं. डावीकडे चकती लागेल असा क्रँक हवा, आणि डाव्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे उलट्या आट्यांनी बसणारी छोटी दात्यांची चकती, असलेलं मागचं चाक. बाजारातल्या सायकलवाल्याने आधी वेड्यात काढलं, मग त्याचेच डोळे चमकले. माळ्यावरून त्याने दोघांच्या जोडसायकलचा एक क्रँक खाली काढला, जो डावीकडेच चकती घेतो. मग कसरती करणाऱ्या एका मुलीने टाकून दिलेलं छोटं चाक. तिला म्हणे कठड्यावरून सायकल उजव्या बाजूवर घसरवत न्यायची असायची, म्हणून साखळी डावीकडे. शुक्रवारभर बसून त्याने त्या चाकाचा मधला भाग मोठ्या रिंगेत तारा भरून बसवला. शनिवारी दुपारी मिलिमीटरनी चकती फिरवली. आवाज आला नाही. बायकोने आतून ओरडून विचारलं, "झालं का?" आणि त्यांनी घंटी वाजवली.

रविवारी सकाळी ताई पांढरीशुभ्र पँट घालून फाटकात आली. मिलिमीटर फडकं घेऊन पुन्हा साखळी पुसायला लागले. "अगं, पांढरी कशाला?"

"बघू तुझं काम," ताई म्हणाली.

ती सायकलच्या उजवीकडे उभी राहिली. उजव्या पायावर भार दिला, डावा पाय सहज पलीकडे टाकला आणि बसली. मिलिमीटर धरायला पुढे सरसावले, तोवर ती कोपऱ्यावर पोचली होती. वळताना तिने हात दाखवला, अगदी चाळीस वर्षं दाखवायची तसा, आणि दिसेनाशी झाली.

ठरलं होतं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मिलिमीटरनी मनातल्या मनात प्रत्येक सांधा पुन्हा तपासला. चाळीस मिनिटांनी त्यांचा धीर सुटला आणि ते चपला शोधू लागले. बायको म्हणाली, "पायातच आहेत."

तासाभराने घंटी वाजली. ताईचे केस विस्कटले होते, गाल लाल झाले होते, हँडलला पावाची पिशवी लटकत होती.

"कुठे होतीस?" मिलिमीटर जवळजवळ ओरडलेच.

"पुलापलीकडे. चौकातून गेले." ती उतरली, उजवा पाय पुढे करून दाखवला, मग डावा. पांढऱ्या पँटवर एक डाग नव्हता.

ताईने सायकल मिलिमीटरच्या हातात दिली आणि कपाळावरचा घाम पुसला. "सीट पाच मिलिमीटर वर घे," ती म्हणाली, "आणि मागचा ब्रेक ढिला आहे. उद्या सकाळी सातला लागेल मला."