बाबांनी पाहिलेला एकच गोल

माझा भाऊ क्राइन हॉलंडच्या संघातून खेळला, स्पेनमध्ये खेळला, त्याच्यासारखे केस वाढवून पोरं गावोगाव मिरवायची. आणि तो गावाबाहेर खेळायला लागल्यापासून आमच्या बाबांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांनी आमच्या बेटावर एखादा रविवार काढून बघावा.

रविवार देवाचा; त्या दिवशी आमच्याकडे बटाटासुद्धा सोलत नाहीत. तो शनिवारी संध्याकाळीच सोलून पाण्यात ठेवायचा. सायकल नाही, दोरीवर कपडा नाही, दोन वेळा चर्च, आणि मधल्या वेळात पडद्याआडून कोण सायकलवर बसलंय ते बघायचं. तेवढं चालतं. त्यामुळे गावचा फुटबॉल क्लबही शनिवारचाच. क्राइन त्यातच वाढला. आमच्याकडे वारा असा, की उंच मारलेला चेंडू थेट कालव्यात जातो. म्हणून तो चेंडू गवताला चिकटवून न्यायला शिकला. पुढे त्याच्या याच खेळावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, त्यामागे काय काय शास्त्र आहे ते सांगितलं. वाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

अठराव्या वर्षी रॉटरडॅमचा एक मोठा क्लब त्याला न्यायला आला. मोठे क्लब खेळतात रविवारी. त्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांनी नेहमीसारखं बायबल वाचलं, मिटलं, आणि म्हणाले, "शनिवारी खेळतोस तोवर तू या घरचा. रविवारी खेळलास की पाहुणा."

आईनं एप्रनला डोळे पुसले. क्राइन गेला.

बाबा बोलले तसं वागले. तो भेटायला आला की त्याला पाहुण्यांचा बशीवाला कप मिळे. कॉफीबरोबर एक बिस्किट, आणि डब्याचं झाकण बंद. "मिने," तो मला अंगणात म्हणायचा, "स्पेनमध्ये मला राजासारखं खाऊ घालतात गं. इथं दुसरं बिस्किट मिळत नाही."

"दुसरं मलाही मिळत नाही," मी म्हणायचे. "उगाच भाव खाऊ नकोस."

मोठे सामने बुधवारीही असायचे. मी एकदा बाबांना तसं म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "जे फाटक रविवारी उघडतं, त्यातून मी बुधवारीही जाणार नाही." पालथ्या घड्यावर पाणी. घरात टीव्ही नव्हता. शेजारीच माझं घर, तिथं होता, पण माझा नवरा तो लावताना पडदे ओढून घ्यायचा, मग बाबांची बात दूरच. आई गेली तीसुद्धा मोठ्या मैदानावरचा मुलाचा खेळ न पाहताच गेली, आणि त्याबद्दल मी बाबांना अजून माफ केलेलं नाही.

चौतिसाव्या वर्षी क्राइनचा गुडघा संपला. रॉटरडॅमच्या क्लबला निरोपाचा सामना मोठ्या स्टेडियममध्ये करायचा होता. क्राइन म्हणाला, नाही, माझ्या गावात, शनिवारी. पेपरवाल्यांनी लिहिलं, केवढा हा नम्रपणा! नम्रपणा कसला डोंबलाचा. त्याला बाबांना आणायचं होतं. सगळ्या आयुष्यात त्याला तेवढं एकच हवं होतं आणि तेवढंच मिळालं नव्हतं.

तो विचारायला आला तेव्हा मी तिथेच होते.

"बाबा, शनिवारी आहे. दुपारी. आपल्याच मैदानावर."

"तिकीट?"

"नाही."

"बिअर?"

"सामना संपेपर्यंत नाही. मी सांगून ठेवलंय."

"आणि शिव्या?"

क्राइन हसला. "ते काही माझ्या हातात नाही, बाबा."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बघू," म्हणाले. दुसऱ्या कुणी शपथ घेऊन हो म्हणावं, तसा आमच्या बाबांचा 'बघू'. क्राइन बाहेर पडला आणि सायकल धरून नुसता उभाच राहिला. मग मला म्हणाला, "मिने, येतील ना गं?"

बाबा आले. चर्चचा काळा सूट, काळी हॅट. पाद्रीबाबांना द्यावी तशी लोकांनी वाट दिली. ते सरळ जाऊन गोलच्या मागे उभे राहिले. लग्नाआधी ते याच क्लबात गोलकीपर होते, त्यांना दुसरीकडे उभं राहून बघताच येईना. शिट्टी झाली आणि प्रवचन सुरू होताना घालतात तशी त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. मला हसू आवरेना.

ते हसू फार टिकलं नाही. क्राइनला पळताच येत नव्हतं. गुडघ्याला पट्टी, पाय ओढत जायचा, चेंडू पुढे निघून जायचा. आणि तरी लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्याच जास्त लागत होत्या. मी बाबांकडे बघायचं टाळलं.

सामना संपत आला तेव्हा त्याला गोलसमोर चेंडू मिळाला. अडवणारा माणूस अदबीनं बाजूला झाला. क्राइननं मारला, असा की मी एप्रनमध्ये झेलला असता. समोर गोलकीपर लामर्ट होता, रॉटरडॅमला त्याच्याबरोबर खेळलेला, सोन्यासारखा माणूस. त्यानं जोरात झेप घेतली, पण चेंडूच्या उलट बाजूला.

अख्खा गाव ओरडला. क्राइननं हात वर केले नाहीत. तो जाळीमागच्या बाबांकडे बघत उभा राहिला.

घरी येऊन आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी कॉफी ओतली. 

"गोलकीपरनं सोडला," बाबा म्हणाले.

"बाबा, आज तरी!" मी म्हटलं.

"चेंडू उजवीकडं, हा डावीकडं. मी मागंच उभा होतो."

"हो, सोडला," क्राइन म्हणाला. "त्याला वाटलं, तुम्ही आलाय, तर..."

"म्हणजे मी तुला खेळताना पाहिलंच नाही."

क्राइननं कप बाजूला सरकवला. "मिनाकडं टेप आहे, बाबा. पोर्तुगालबरोबरचा गोल आहे त्यात. आज शनिवार आहे. पाच मिनिटं लागतील."

"तो गोल कुठल्या वारी झाला?"

तो खोटं बोलू शकला असता. पण ते आम्हांला कधी शिकवलंच नाही. "रविवारी," तो म्हणाला.

"मग तो शनिवारी बघितला म्हणून शनिवारचा होत नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाबा, देवसुद्धा एवढं धरून बसत नसेल हो!"

"तू गप, मिना." मग ते क्राइनकडे वळले. आवाज खाली आला होता. "तू सांग. ऐकायला काही हरकत नाही. कसा मारलास?"

क्राइन पुढे सरसावला. दुधाचा जग इकडे ठेवला, साखरेचं भांडं तिकडे ठेवलं. "हा मी. हा त्यांचा बचाव करणारा," म्हणाला आणि थांबला. हा गोल त्यानं किती पेपरवाल्यांना सांगितला असेल! 

"मला आठवत नाही, बाबा."

"गोल आठवत नाही?"

"नंतरचं आठवतं. गोल झाला की मी लोकांकडं बघायचो. कुठं काळी हॅट दिसते का. तुम्ही येणार नाही हे कळत होतं, पण तरी बघायचो. तेवढ्यात बाकीचे येऊन अंगावर पडायचे."

बाबांनी साखरेचं भांडं उचलून जागच्या जागी ठेवलं. 

"माझं चुकलं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण वाईट वाटतं, क्राइन. फार वाटतं. सोमवारी कांद्याच्या लिलावात लोक तुझ्या गोलबद्दल बोलायचे. मला काही घ्यायचं नसायचं. तरी कांदे चाचपत उभा राहायचो, त्यांचं बोलून होईपर्यंत."

क्राइन मान खाली घालून रडला. मी त्याला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं.

"पुन्हा एकदा खेळ ना," बाबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसेल. "एखाद्या शनिवारी. मी येईन. फक्त त्या गोलकीपरला सांग, सोडू नकोस म्हणून."

क्राइननं डोळे पुसले. पट्टी बांधलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता कुणी सोडल्याशिवाय माझा गोल होत नाही, बाबा," तो म्हणाला.