चिंचेनं उजळलेल्या पेन्या

कलबुर्गीच्या एका कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून संकर्षणराव निवृत्त झाले, पण गल्लीत त्यांची ओळख वेगळीच होती. लोक त्यांना ‘इंग्लंडच्या पैशावाले सर’ म्हणत. तरुणपणी शिष्यवृत्तीवर ते वर्षभर तिकडे राहून आले होते. हाडं गोठवणारी थंडी आणि बोलायला कुणी नाही. वेळ जावा म्हणून रविवारच्या बाजारात हिंडायचे. तिथं एक म्हातारा बादलीभर जुन्या पेन्या घेऊन बसायचा. दशमान पद्धत आल्यापासून त्या मोठाल्या काळपट नाण्यांना कुणी विचारत नव्हतं.

एकदा म्हाताऱ्यानं १९०२ सालच्या दोन पेन्या त्यांच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाला, फरक सांग. संकर्षणरावांनी उलटून पालटून पाहिलं, काही दिसेना. म्हाताऱ्यानं भिंग दिलं. नाण्याच्या मागं ब्रिटानिया नावाची बाई बसलेली असते, बाजूला ढाल, पाठीमागं समुद्र. एका नाण्यात समुद्राची रेघ तिच्या पायांच्या तिढ्याशी येऊन भिडली होती, दुसऱ्यात जराशी खाली होती. साल एकच, पण ठसा वेगळा. शौकीन पहिल्या नाण्याला ‘भरती’ म्हणतात, त्या दुसऱ्याला ‘ओहोटी’.

त्या दिवशी जे वेड लागलं ते लागलंच. कडा दाणेदार की दातेरी, राणीच्या केसांतली पानं पंधरा की सोळा, हे बघण्यात माणूस जेवण विसरायचा. गावी परतताना त्यांच्या पेटीत कपड्यांपेक्षा पेन्या जास्त होत्या.

ती जड पेटी उचलून घरात घेतली होती कुसुमताईंनी. संकर्षणरावांची ही थोरली बहीण. घरात सगळे तिला अक्का म्हणत. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला आणि अक्का माहेरी चिटगुप्प्याला आली. आई आधीच गेली होती. अक्कानं गावातल्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. स्वयंपाक म्हणजे नुसता स्वयंपाक नव्हे, मागची पातेली, कढया, परातीही तिनंच घासायच्या. त्याच कामावर तिनं धाकट्या भावाला कॉलेजपर्यंत आणलं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, आणि संकर्षणरावही.

चार वर्षांमागची गोष्ट. सोलापूरला नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. निजामाचे हाली सिक्के, इंग्रजी अमलातले कलदार रुपये घेऊन येणारे पुष्कळ असतात. पेन्यांचे ठसे मांडून दाखवणारे संकर्षणराव एकटेच. आदल्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून नाणी सालवार लावली आणि छापलेल्या चिठ्ठ्या आणायला प्रेसमध्ये गेले. बायको विनीता शाळेत शिकवायला गेलेली. घरात अक्का होती, दसऱ्यासाठी आलेली. ती मागच्या मोरीवर देवाची उपकरणी घासत बसली होती.

संकर्षणराव परतले तर टेबल रिकामं. तेवढ्यात गच्चीवरून अक्काची हाक आली, ‘‘संकू, वर ये की! बघ तर!’’

गच्चीवर जुन्या लुगड्यावर सगळ्या पेन्या वाळत घातल्या होत्या. गुलाबी, नागड्या, नव्या घागरीसारख्या झगमगत होत्या. अक्काच्या बोटांना चिंचेचा कोळ लागलेला आणि तोंडभर हसू.

‘‘उद्या चार माणसांत मांडणार, अन् ही काळी ठिक्कर! बघ कशा लखलखायल्यात. चिंच अन् मीठ, दुसरं काय न्हाई.’’

जुन्या नाण्यावर काळानं जी तपकिरी साय धरलेली असते, तीच त्याची अब्रू. ती एकदा गेली की जाणकार त्या नाण्याकडं बघतही नाही. संकर्षणरावांनी एक पेनी उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग त्यांचा तोल गेला.

‘‘काय केलीस हे? कुणी सांगितलं तुला हात लावायला? जलमभर दुसऱ्यांची भांडी घासलीस, घासण्याबिगर येतंय काय तुला?’’

विनीता त्याच वेळी फाटकातून आत येत होती. तिनं ते खाली ऐकलं. शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

अक्काच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच थोडा वेळ राहिलं, कुणीतरी उचलायचं विसरल्यासारखं. मग तिनं पदराला हात पुसले आणि जिना उतरली. मोरीवर ताम्हन अर्धं घासून पडलं होतं, ते तिनं पुरं केलं. संध्याकाळी वरणफळं केली. भावाला वाढलीही. दुसऱ्या दिवशी, दसरा चार दिवसांवर असताना, ती हुमनाबादच्या बसनं चिटगुप्प्याला निघून गेली. निघताना ‘‘येते रे’’ म्हणाली, नेहमीसारखीच.

संकर्षणराव सोलापूरला गेले नाहीत.

विनीता त्यांना म्हणाली, ‘‘तुम्ही काय बोललात, कळलं का तुम्हाला?’’

‘‘आणि तिनं काय केलं ते? तीस-पस्तीस वर्षं जपलेलं एका दुपारी घालवलं तिनं!’’

हे खोटं नव्हतं, आणि तीच अडचण झाली. नुकसान झालं होतं, चूक अक्काची होती, आणि जो बरोबर असतो त्याला माफी मागायची सवड कधीच सापडत नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोनवर अक्का नीट बोलायची, पाऊसपाणी, शेजारच्या चंद्रम्माचं गुडघ्याचं दुखणं. आपण उगाच मनाला लावून घेतलं, तिच्या लक्षातही नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

उन्हाळ्यात ते चिटगुप्प्याला गेले. एक पेनी आणि भिंग सोबत घेतलं होतं. अक्काला ती समुद्राची रेघ दाखवू, तिला पटेल आपण का चिडलो, असा बेत. माफी मागायला निघालेला माणूस पुरावा घेऊन निघाला होता; हे त्यांना फार नंतर उमगलं.

अक्कानं शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, सगळं त्यांच्या आवडीचं केलं. जेवणं झाल्यावर त्यांनी पेनी पुढं केली. अक्कानं हात पदरात घेतले.

‘‘तूच धर रे. मी बघते.’’

भिंगातून तिनं बराच वेळ पाहिलं.

‘‘व्हय, हीच ती देवी.’’

‘‘देवी कसली अक्का? ही इंग्लंडची...’’

‘‘हातात तिरशूळ हाय की. मला वाटलं, तिकडची कुठली देवी असंल. दसरा आलता ना. आपल्या देव्हाऱ्यातली घासली, तर हिला काळी कामून ठेवायची? म्हणून घेतली घासायला.’’ ती हसली. ‘‘मला कुठं कळतंय, बाबा. तुझं बरोबरच व्हतं.’’

संकर्षणरावांना भरती सांगता येईना की ओहोटी. त्यांनी पेनी खिशात टाकली. तिनं अशी बिनतक्रार चूक कबूल केल्यावर पुढं बोलायला जागाच उरली नाही. ती जागा तिनं मुद्दामच ठेवली नाही की काय, असं त्यांना बसमध्ये वाटत राहिलं.

यंदा फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. आत्याशिवाय हळद कशी लागणार? अक्का आली. पण एरवी आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघर ताब्यात घेणारी अक्का बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसली. पाणी हवं तर विनीताला विचारायची, ‘‘हा तांब्या घेऊ का?’’ टॉवेल सरकवायचा तर ‘‘ह्याला हात लावू का?’’ भाचीनं शालू दाखवायला मांडीवर ठेवला, तर तिनं दोन्ही हात वर उचलले आणि म्हणाली, ‘‘आधी आईला इचार गं.’’ विनीता आत जाऊन रडली. पोर बिचारी गोंधळून बापाकडं बघत राहिली.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संकर्षणराव अक्काला बसस्टँडवर सोडायला गेले. बस लागायची होती. दोघं सिमेंटच्या बाकावर बसले. ऐंशीला टेकलेली अक्का पिशवी मांडीवर घट्ट धरून होती.

‘‘अक्का, त्या दिवशी मी भांड्यांचं जे बोललो,’’ संकर्षणराव म्हणाले, ‘‘ते बोलायला नको होतं गं. तुझ्याच त्या भांड्यांवर मी शिकलो. नाण्यांचं जाऊ दे, चुलीत जाऊ देत ती नाणी. ते मी बोललो, ते...’’

अक्का समोरच्या फलकावरची कन्नड अक्षरं बघत होती.

‘‘संकू, तू खोटं बोलला असतास तर मी तवाच एक ठेवून दिली असती. ल्हानपणी देत न्हवते का?’’ तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. ‘‘खरं बोललास म्हणून हात उचलला न्हाई. घासलीच की भांडी. पण तू ती कधी मोजली असशील, असं मला वाटलं न्हवतं.’’

‘‘तसं नव्हतं गं मनात...’’

‘‘नसंल. तोंडात व्हतं.’’

बस आली. गर्दी उसळली. संकर्षणरावांनी धक्काबुक्की करून खिडकीची जागा धरली, अक्काला बसवलं, पिशवी वर फळीवर ठेवायला घेतली. ‘‘राहू दे, मांडीवरच बरी,’’ ती म्हणाली. मग खिडकीतून वाकून त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर हळदीचा डाग होता त्याकडं तिनं बोट दाखवलं.

‘‘लिंबू लावून उन्हात ठेव म्हणावं विनीताला. निघंल.’’

‘‘तूच ये की पुढच्या महिन्यात. उन्हाळाभर राहा.’’

‘‘बघू.’’

बस हलली. गर्दीत कुणाचं तरी गाठोडं त्यांच्या पायांवर पडलं, ते त्यांनी उचलून दिलं, आणि मान वर केली तेव्हा बस फाटकातून बाहेर पडली होती.

मार्च गेला, एप्रिल निम्मा सरला. दर रविवारी ते फोन करतात. अक्का त्यांच्या आणि लेकीच्या, दोन्ही घरची विचारपूस करते, उन्हात हिंडू नको म्हणते. येण्याचं ते विचारतात, आणि ती बघू म्हणते.