तिसरं अंडाशय

बुटकीचं पोट दोनदा उघडून झालं होतं, आणि डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नव्हता.

बुटकी म्हणजे जनावरांच्या जन्मजात आजारांवर काम करणाऱ्या केंद्रातली कुत्री, मांजरापेक्षा जेमतेम मोठी. पिल्लू असतानाच तिची दोन्ही अंडाशयं काढलेली. तरी ही बया माजावर आल्यासारखी सुजायची. अंडाशयच नाही, तर हार्मोन येतंय कुठून? विभागप्रमुखांनी निदान ठोकलं: हिला जन्मतःच तिसरं अंडाशय आहे, पोटात कुठेतरी दडून बसलंय. परिषदेत त्यांनी ते छातीठोकपणे सांगूनही टाकलं. मग काय, आता ते सापडायलाच हवं.

बुटकीला सांभाळणारी संशोधक त्यांची भाचेसून. सासूबाईंच्या या सख्ख्या भावानंच तिला इथे चिकटवलेलं. कामावर 'सर', घरी 'मामा'. ती कामावर शिंकली तरी संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, सर्दी झाली का गं?

आणि तिच्याकडे लपवायला तर मोठंच होतं. पस्तिशी ओलांडते न ओलांडते तोच तिची पाळी कायमची थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, मूल होणं जवळजवळ नाहीच. निदान हाडं शाबूत राहावीत म्हणून हे हार्मोनचं जेल रोज हातांना चोळा. घरात सासूबाई नातवाच्या वाटेला डोळे लावून बसलेल्या. नवऱ्याला सांगावं, तर त्या गुणी बाळाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कपाटं तर सासूबाई रोजच आवरतात. म्हणून ती जेल कामावर ठेवायची. कपडे बदलायच्या खोलीत कोपरापर्यंत चोळायची आणि तशीच जाऊन बुटकीला उचलून घ्यायची. बुटकी मन लावून तिचे हात चाटायची.

मध्ये तापाने ती घरी राहिली, तेव्हा बुटकीची सूज उतरली. कामावर परतली, तशी पुन्हा चढली. आपल्या ओल्या हातावरून फिरणारी ती जीभ बघताना हार्मोन कुठून येतंय ते तिला कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

तिने जेल बंद केलं. अंगाची लाही लाही व्हायची, झोप उडाली, पण बुटकीची सूज ओसरू लागली. वाटलं, सुटले. मामा म्हणाले, "माज उतरतोय. पुन्हा यायच्या आत तिसऱ्यांदा उघडून बघू."

"सर, हार्मोन बाहेरून कुठून लागत असेल तर?"

"बाहेरून? पिंजऱ्यात दुकान टाकलंय का कुणी?"

सर्जन कुरकुरला, एवढंसं जनावर तिसरी भूल सोसायचं नाही. पण मामांपुढे त्याचंही काही चालेना.

ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर बुटकीचं पोट भादरून झालं. पट्ट्यांनी बांधलेली ती पोर तिच्याकडेच बघत होती. सर्जनने भुलीची सुई उचलली.

"थांबा," ती म्हणाली. "आत काही नाही. हार्मोनचं जेल मी लावते, हातांना. ती ते चाटते, मामा."

'मामा' हा शब्द त्या खोलीत कधी उच्चारलाच गेला नव्हता. सर्जनने सुई खाली ठेवली. मामांचा अख्खा जन्म हार्मोनांत गेलेला; या वयाची बाई ते कशासाठी लावते, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. तिला वाटलं, आता परिषदेवरून आगपाखड होणार. झाली असती तर बरं झालं असतं.

"ताईला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. मीच सांगेन, मामा. थोडे दिवस द्या."

"ताईपासून मी आजवर काही लपवलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले आणि खिसा चाचपत बाहेर पडले.

सर्जनने पट्टे सोडले. बुटकी धडपडत तिच्या अंगावर चढली. हात आता स्वच्छ होते, तिने तिला घट्ट धरलं. दाराच्या काचेपलीकडे मामांनी फोन कानाला लावला होता. मग ते बोलायला लागले.