व्योमलोहाचा हुक

चाकणच्या त्या कंपनीतल्या कॉम्प्युटरला रिकामा रकाना सोसत नसे. क्रेनच्या हुकाचं ड्रॉइंग झालं, मापं टाकून झाली, पण 'मटेरियल' भरल्याशिवाय ते काही सेव्ह होईना. ते ड्रॉइंग काढणाऱ्या वर्षालीचा जीव तिकडे मोशीला. तिथं सप्ताह बसलेला आणि आई, इंदुताई, कीर्तनाच्या मांडवात पुढची जागा धरून बसलेली. पोरीनं घाईघाईत टाइप केलं, 'व्योमलोह'. म्हटलं, दोन दिवसांच्या रजेवरून आल्यावर बदलू.

आता व्योमलोह हा धातू या पृथ्वीवर नाही. तो आहे वर्षाली फावल्या वेळात लिहीत होती त्या अंतराळकथेत. फुलासारखा हलका, डोंगर पेलणारा आणि वाकला तरी आपोआप सरळ होणारा.

ती परतली तोवर ड्रॉइंग मंजूर होऊन पर्चेसला पोहोचलेलं. पर्चेसचे दिग्विजय सर भलतेच खुशीत.

"वर्षाली, तीन व्हेंडर तयार आहेत! भोसरीचे रंगराव तर म्हणाले, आमच्याकडं रेग्युलर चालतं."

"काय चालतं, सर?"

"व्योमलोह!"

तिनं ड्रॉइंग उघडून पाहिलं; रकान्यात तिचाच शब्द होता. पण नवल कसलं? या पट्ट्यात 'नाही' म्हणणाऱ्या व्हेंडरला पुन्हा फोन जात नाही आणि 'हे काय असतं?' असं विचारणाऱ्या साहेबाचा रुबाब राहत नाही. ड्रॉइंगवर अमृत लिहा, दुपारपर्यंत त्याचं इक्विव्हलंट, म्हणजे तोडीस तोड माल, टेस्ट सर्टिफिकेटासकट हजर होईल.

रंगराव स्वतः नमुना घेऊन आले. वर्तमानपत्राचा कागद सोडवून त्यांनी चकचकीत तुकडा टेबलावर ठेवला. टेबल हललं.

"हे तर जड आहे," वर्षाली म्हणाली.

"ओरिजनल हलकं असतंय, मॅडम. हे आपल्या हवेला सोसंल असं हाय."

"आणि वाकलं तर सरळ होतं?"

"होतंय की. हातोडी मारायची!"

हसावं की रडावं तिला कळेना. ड्रॉइंग तिचं, म्हणून नमुन्यावर पहिली सही तिचीच हवी होती. हुक लागणार होता कंपनीच्याच कारखान्यातल्या क्रेनला, आणि त्या क्रेनखाली भैरूदादा दिवसभर राबायचे. सही नाकारावी, तर आपला घोळ उघडा पडणार. तिची नोकरी अजून कच्ची. पक्की करायची शिफारस दिग्विजय सरांच्या हाती. आणि सरांनी तर मोठ्या साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये छापूनही टाकलं होतं, 'व्योमलोह : हलका हुक, नवी झेप'.

सप्ताह अजून चालूच होता; संध्याकाळी ती मांडवात आईशेजारी जाऊन बसली. टाळ-मृदंगाचा गजर असा चढलेला की बसलेल्यांचे खांदे आपसूक डोलत होते. बुवांनी हात वर केला. सगळं शांत.

"कळलं का, माउली?"

"कळलं!" अख्खा मांडव गरजला.

बुवा गोड हसले. "अहो, मी अजून काही सांगितलंच न्हाई!"

हशा उसळला. इंदुताई तर पदरानं डोळे पुसायला लागल्या. बुवा म्हणाले, "एकानं जरी 'न्हाई कळलं' म्हटलं असतं ना, तर त्याच्यापासनं सुरुवात केली असती."

वर्षालीचं हसू ओठांवरच थांबलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये नमुना हातोहात फिरला. प्रत्येकानं तो टिचकी मारून पाहिला, प्रत्येकानं मान डोलावली. सही करायला पेन तिच्यापुढं आलं.

"मला व्योमलोह कळलं नाही," ती म्हणाली. "कळायचं कसं? ते मीच रचलंय. माझ्या गोष्टीसाठी."

ज्याच्या हातात नमुना होता, त्यानं तो हळूच टेबलावर ठेवला.

दिग्विजय सर सावरून म्हणाले, "ठीक आहे. पण मग त्याचं इक्विव्हलंट काय?"

"जवळचं आहे, सर. आकार लक्षात ठेवणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू असतो. चष्म्याच्या फ्रेमला वापरतात. पण शोधायला बसले तेव्हा कळलं, हुकाला तो गुण नकोच. भार फार झाला, की चांगला हुक तुटण्याआधी वाकतो, तोंड उघडतो. खालच्या माणसाला ते दिसतं, तो बाजूला होतो. आपोआप सरळ होणारा हुक काल वाकला होता, हे आज कुणाला कळणार? आपल्याला साधं मिश्रपोलादच हवं. माझी चूक झाली."

शिफारस तीन महिने पुढं गेली. प्रेझेंटेशन मात्र साहेबांनी पाहिलेलं, म्हणून त्यात आता 'व्योमलोह-समतुल्य पोलाद' आलं.

रंगराव तेवढे दुखावले. "मिश्रपोलादच पाहिजे हुतं तर आधी सांगायचं न्हाई का, मॅडम? ते तर खरंच हाय माझ्याकडं!"

नवे हुक आले. त्यातला एक मुद्दाम मशीनवर चढवून जास्तीचा भार दिला. भैरूदादा लांबून मान उंच करून बघत होते. हुकानं हळूहळू, सगळ्यांदेखत, तोंड उघडलं.

"वाकला की गं, पोरी!" भैरूदादा कळवळले. "फेल ना मग?"

"नाही, दादा," वर्षाली म्हणाली. "पास."